खमिराला साखर घालू नका

माझी सगळी नोकरी "पीठ फुगलं नाही" या एका वाक्यावर झाली. बेकरीवाले, हॉटेलवाले, लग्नांचे केटरर, हौशी गृहिणी, सगळे फोनवर पहिलं वाक्य हेच बोलायचे. दुसरंही ठरलेलंच असायचं: "तुमचं यीस्टच मेलेलं आहे." हैदराबादच्या बाहेर बेकरीचं यीस्ट तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत लागले, पुढे तक्रारींचं काम माझ्याकडे आलं आणि निवृत्तीपर्यंत ते मला चिकटून राहिलं. फोन आला की पिशवीत थर्मामीटर आणि काचेच्या उभट बरण्या घालायच्या आणि नल्लकुंट्याच्या घरून रिक्षा पकडायची. यीस्ट मेलेलं असायचं क्वचितच. बहुतेक वेळा ते जिवंत असायचं आणि गोंधळलेलं असायचं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "ताई, अनुभव लिहा, पण शास्त्र जरा बेतानं. वाचक पळतात." मी म्हटलं, पळतील ते पळोत. शास्त्र काढून टाकलं तर माझ्या अनुभवात रिक्षाभाड्याशिवाय काही उरत नाही. तेव्हा थोडं ऐकावं लागेल.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. इकडच्या भट्ट्यांवर तिला खमीर म्हणतात. या पेशीला डोळे नाहीत, जीभ नाही, नाक नाही. तरी बाहेर कोणती साखर आहे, किती आहे, हवा आहे की नाही, हे तिला समजतं आणि त्याप्रमाणे ती आपला कारभार बदलते. हर तऱ्हेचं काम कसं करायचं याच्या सूचना तिच्यापाशी असतात. त्या सूचना म्हणजे जनुकं. पण सगळी जनुकं सदासर्वकाळ चालू ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून ती लागतील तशी चालू-बंद होतात.

तिची सगळ्यात आवडती साखर म्हणजे ग्लुकोज. लग्नाच्या पंगतीत जिलबी फिरायला लागली की भाजीपोळीकडे कुणी बघत नाही, तसं तिचं होतं. ग्लुकोज समोर आलं की पेशीतलं एक प्रथिन दुसऱ्या साखरा पचवण्याच्या जनुकांवर जाऊन बसतं आणि त्यांना गप्प करतं. ग्लुकोज संपलं की ते तिथून उठतं. मग ती जनुकं कामाला लागतात, लागणारी प्रथिनं तयार होतात आणि नंतर दुसरी साखर आत घेता येते. या सगळ्याला वेळ लागतो. तेवढा वेळ पेशी नुसती बसून असते.

हवेची गोष्ट याहून गमतीची आहे. आपल्या रक्ताला लाल करणारा हीम नावाचा पदार्थ यीस्टही बनवतं, पण तो बनवायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे पेशीत हीम आहे याचा अर्थ बाहेर हवा आहे. त्यावरून ती श्वसनाची जनुकं चालू ठेवते आणि हवा नसताना लागणारी बंद करते. नाक नसताना हवा ओळखायची ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीच्या जेवणात नवऱ्याला समजावून सांगितली होती. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "बरं झालं, आपल्याला नाक आहे."

कारखान्यात आम्ही यीस्टच्या टाकीत भरपूर हवा सोडायचो आणि उसाची मळी मात्र अगदी हात राखून. साखर कमी आणि हवा जास्त असली की यीस्ट श्वास घेतं आणि भराभर वाढतं. साखर जास्त झाली तर हवा कितीही असो, ते वाढायचं सोडून दारू करायला लागतं. एकदा एका नव्या ऑपरेटरनं लवकर घरी जायच्या घाईत मळीचा नळ सैल सोडला. थोड्या वेळात अख्ख्या शेडमध्ये असा वास सुटला की आमचे साहेब रावगारू नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "एमंडी मॅडमगारू, इदर कल्लू कंपाउंड खोल दिये क्या?" कल्लू म्हणजे ताडी, आणि कल्लू कंपाउंड म्हणजे ताडीचा गुत्ता. त्या दिवशी यीस्ट निम्म्यानं कमी निघालं आणि कामगार मात्र आनंदात होते.

हवेवरून आठवलं. पुण्याहून गच्चीबावलीला आलेले एक संगणकवाले गृहस्थ घरी पाव करायचे. त्यांची तक्रार ईमेलनं यायची, सोबत आलेख असायचे. यीस्टला ऑक्सिजन लागतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि माशांच्या टाकीचा पंप आणून आंबवणाच्या बरणीत सोडला. चार दिवसांनी मी गेले तर घरभर शिरक्याचा वास. हवा मिळाल्यावर यीस्टपेक्षा आंबट करणारे जिवाणूच जास्त खूश झाले होते. त्यांच्या बायकोनं दारातच मला विचारलं, "मॅडम, हे बंद करायला सांगाल का? माझं ऐकत नाहीत." मी म्हटलं, यीस्ट वाढवायचं असेल तर हवा द्या, पाव फुगवायचा असेल तर त्याला शांतपणे पिठात बसू द्या. गृहस्थांनी ते वाक्य टिपून घेतलं. पंप परत माशांना मिळाला.

आता शाहीन आपांकडे येते, कारण हा लेख मी खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले.

जुन्या शहरात एका गल्लीत त्यांच्या नवऱ्याची नानची भट्टी होती. चौकोनी नान, मोठ्या तंदूरच्या भिंतीला लावून भाजलेले, पाया म्हणजे बकऱ्याच्या पायांच्या रश्श्याबरोबर खायचे. त्यात मैदा, मीठ, पाणी आणि खमीर एवढंच असतं. साखर नाही, तूप नाही. नवरा अचानक वारला. भट्टी चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत बंद राहिली, आणि मग शाहीन आपांनी ती स्वतः चालवायला घेतली. हाताखाली दोन जुने कारागीर होते, पण पीठ त्या स्वतः भिजवायच्या. घरात हे कुणालाच पसंत नव्हतं. धाकटा दीर म्हणत होता की तंदूर विझवा, जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं देऊ.

भट्टी तरली होती ती जवळच्या एका हॉटेलच्या रोजच्या ऑर्डरवर. आणि नेमकं नान बिघडायला लागले. हॉटेलच्या सेठनं सांगितलं, "भाभी, रमज़ान सर पे है. तब तक नान सुधरा तो सुधरा, नै तो मैं दूसरा देख लेतूँ." ऑर्डर गेली की भट्टी गेली, हे शाहीन आपांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी गेले तेव्हा त्यांनी मला आधी आमचं पाकीट दाखवलं आणि मग आवाज चढवला. "देखो मॅडम, तुम्हारा खमीर धोकेबाज़ है. पहले ऐसा फूलता कि दिल खुश हो जाता. फिर तंदूर में लगाने का टाइम आता तो बैठ जाता. मेरे नानाँ पापड़ हो जारे!"

मी पाणी तपासलं, ठीक होतं. पाकिटाची तारीख ठीक. मैदा नेहमीचा. मग म्हटलं, तुम्ही रोज करता तसं माझ्यासमोर पीठ भिजवा. त्यांनी कोमट पाण्यात खमीर टाकलं आणि फळीवरचा डबा काढून दोन मुठी साखर घातली.

"ही साखर कशाला?" मी विचारलं. दखनीत विचारलं अर्थातच, जुन्या शहरात माझी मराठी मी रिक्षातच ठेवून जायचे.

"भूखे पेट कोई काम करता क्या? पाकीट में सूख को आया बेचारा. नाश्ता करा को जगाती मैं."

ही साखरेची मूठ मी शेकडो ठिकाणी पाहिली होती. गोड पावाला ती चालते, कारण तिथं पुढंही साखर असतेच. पण नानच्या पिठात साखर नसते. तिथं खमिराला मैद्यातल्या स्टार्चपासून तयार होणाऱ्या माल्टोज नावाच्या साखरेवर दिवस काढायचे असतात, आणि माल्टोज पचवायची जनुकं ग्लुकोज असेपर्यंत बंद. आपांची दोन मुठी साखर खमिरानं फोडली की भरपूर ग्लुकोज. ते खाताना पीठ तरारून वर यायचं. ते संपलं की खमीर थबकायचं, माल्टोजची तयारी करत बसायचं. आणि नेमकी तीच वेळ तंदूरला नान लावायची.

सांगून पटलं नसतं, म्हणून मी बरण्या काढल्या. एकीत साखरेचं पीठ, दुसरीत बिनसाखरेचं, आणि दोन्ही पायरीवर ठेवून आम्ही चहा प्यायलो. साखरेची बरणी पुढं धावली तशी आपांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. नंतर ती थांबली. थांबलीच. आपा बरणीजवळ वाकून बसल्या, काचेवर टिचकी मारली.

"ये रुक कायकू गया?"

"साखर संपली. आता मैद्यातलं खायचंय, त्याची भांडीकुंडी अजून काढायची आहेत."

त्या हसल्या. पण बिनसाखरेची बरणी तरी कुठं शहाणी होती? ती सुरुवातीपासून रडतखडत चढत होती. आमचं पाकिटातलं खमीर मळीवर वाढलेलं, म्हणजे साखरेवरच पोसलेलं. त्याला मैद्याची सवय नव्हती. साखर काढून टाकणं पुरेसं नाही हे मलाही तेव्हा दिसलं.

"हमारे मियाँ थे तब ऐसा कभी नै हुआ," आपा म्हणाल्या. "येइच मैदा, येइच पानी."

"ते पाकीट कोणतं वापरायचे?"

"वो कहाँ पाकीट लेते थे. कल के आटे का गोला रख को आज के आटे में मिलाते थे. कपड़े में बाँध को रखते, किसीकू हात नै लगाने देते. भट्टी बंद थी, तो वो सड़ गया. घर में मेहमानाँ भरे थे, किसी ने साफसफाई में फेंक दिया." माणूस गेल्याचं त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं होतं, अगदी कोरडेपणानं. गोळा फेकला हे सांगताना मात्र ओढणीचा पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या कामाचं बोलले, कारण मला तेवढंच येतं.

मी म्हटलं, आपा, त्या गोळ्यातलं खमीर मैद्यातच जन्मलेलं, मैद्यावरच वाढलेलं. त्याची माल्टोजची जनुकं चालूच असायची, म्हणून ते थबकायचं नाही. तसा गोळा आपण नव्यानं करू. सकाळी थोडा मैदा, पाणी आणि आमच्या पाकिटातलं चिमूटभर खमीर. साखर अजिबात नाही. दुपारपर्यंत ते आपलं आपण मैद्यावर येईल. मग तो गोळा मोठ्या पिठात घालायचा आणि थोडा उद्यासाठी काढून फ्रिजमध्ये ठेवायचा.

"मतलब भूखा रखना?"

"भुकेलं नाही. घरचं जेवायला शिकवायचं."

त्यांनी मान डोलावली आणि मी घरी आले. दोन-तीन दिवसांनी फोन. सेठनं नान परत पाठवले होते, बसके. दीर बोलून गेला होता की आता पुरे. मी रिक्षा करून धावले. पिठाचा वास घेतला आणि आपांकडे पाहिलं.

"साखर घातलीत?"

"थोड़ी सी," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "वो फूलताच नै था मॅडम. धीरे धीरे, धीरे धीरे. मेरा जी घबरा गया. डर को डाल दी."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटला. मी आयुष्यभर यीस्टच्या बरण्या पाहिल्या, पण एका बरणीवरही माझं घर टांगलेलं नव्हतं. माझा पगार पीठ फुगो न फुगो, व्हायचाच. विद्यापीठात असताना मला संशोधन करायचं होतं. जनुकं कशी चालू-बंद होतात यात स्वतःचं काहीतरी शोधायचं होतं. ते राहून गेलं, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. पण त्या दिवशी जुन्या शहरातल्या त्या गल्लीत मला वाटलं, हे जनुक वेळेत चालू झालं पाहिजे अशी आस माझ्या प्रयोगशाळेत कुणाला लागली नसेल, इतकी या बाईला लागली आहे.

रावगारूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, गोळा ठेवला की आपली पाकिटं कोण घेणार? तुम्ही माल विकताय की बंद करताय?" मी म्हटलं, भट्टीच बंद झाली तर एकही पाकीट जाणार नाही. रावगारू मनानं चांगले. "जाव, जाव," म्हणाले, "लेकिन रिपोर्ट में ये सब मत लिखो."

रमज़ानच्या आधीचा तो शेवटचा प्रयत्न. सेठ स्वतः येऊन बघणार होता. सकाळचा गोळा आपांनी माझ्याशी फोनवर बोलत बोलत केला. दुपारी मी पोहोचले आणि पहिलं काम म्हणजे फळीवरून साखरेचा डबा काढला, मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून पाटावर बसले. कारागीर हसायला लागले. आपाही हसल्या, आणि गोळा मोठ्या पिठात घालून मळायला लागल्या.

पीठ चढायला लागलं. हळू. फारच हळू. आपा पीठ झाकायच्या, उघडायच्या, माझ्या मांडीकडे बघायच्या. "मॅडम, एक चम्मच?"

"नक्को."

"आधा चम्मच?"

"नक्को म्हटलं ना आपा."

मग त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटत राहिल्या. दीरही आला होता. त्याच्याबरोबर मोबाइलच्या दुकानाचा माणूस, हातात मापाची टेप. दोघं तंदूरपासून दारापर्यंतची जागा मोजायला लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही. पीठ मात्र थांबलं नव्हतं. साखरेच्या पिठासारखी उसळी नव्हती, पण मधे कुठं थबकणंही नव्हतं. जिथं ते रोज बसायचं ती वेळ आली, आणि गेली. तरी मी डब्यावरचा हात काढला नाही.

कारागिरांनी नान लावले. तंदूरच्या तोंडातून वास यायला लागला तसे दीर आणि तो टेपवाला आपोआप बाजूला झाले. सेठ आला तेव्हा पहिले नान बाहेर येत होते. फुगीर, मधे मऊ, कडेला खरपूस डाग पडलेले. त्यानं एक उचलला, हात पोळला म्हणून हातातल्या हातात उडवला, फाडला, वास घेतला आणि उभ्याउभ्याच अर्धा खाल्ला.

"वल्लाह," तो म्हणाला. "वोइच मज़ा. मरहूम का खमीर ज़िंदा है बोलो ना भाभी!" आणि खिशातून मोबाइल काढत दिराकडे वळला. "चलो मियाँ, रमज़ान भर का ऑर्डर भेज देतूँ तुमको."

दीर पुढं सरकला. आपांनी हाताचं पीठ ओढणीला पुसलं.

"नै सेठ. उनका खमीर उनके साथ गया," त्या म्हणाल्या. "ये मेरा है. मैं बनाई. ऑर्डर मेरेकू भेजो."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तंदूरची धग आहे असं मी कारागिराला सांगितलं. सेठनं उरलेला नान तोंडात टाकला, चावला, आणि मोबाइलवर बोट ठेवून आपांकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या भट्टीचे नान खाऊनही त्याला एक गोष्ट माहीत नव्हती.

"क्या नाम से लिखूँ, भाभी?" त्यानं विचारलं. "तुम्हारा नाम क्या है?"

"शाहीन बेगम," आपा म्हणाल्या. "नानवाली."